ऐंशी लिटर समुद्रात कोण राहणार? ठाण्यातल्या एका नवशिक्या रीफ टाकीचा प्रकरण अभ्यास

टाकी ठाण्यातली, घोडबंदर रस्त्यावरच्या एका फ्लॅटच्या बैठकीच्या खोलीतली. काच ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटर, म्हणजे काठोकाठ भरली तर ९६ लिटर. वाळू, दगड आणि वर मोकळी सोडलेली जागा वजा केली की खरं पाणी उरतं ऐंशी लिटरच्या आसपास. घरात माझा मित्र, वहिनी आणि त्यांची सातवीतली मुलगी. गोड्या पाण्याची टाकी त्यांनी बरीच वर्षं नीट सांभाळली होती: आधी गप्पी आणि मॉली, नंतर एंजल. खाऱ्या पाण्याशी, त्यात रीफ टाकीशी म्हणजे प्रवाळ असलेल्या टाकीशी, मात्र ही पहिलीच गाठ.

मी पाहायला गेलो तेव्हा टाकी, दिवा, मागे टांगायचा फिल्टर, पाणी हलतं ठेवणारा एक लहान वेव्हमेकर आणि मिठाची बादली एवढं सामान घरात आलेलं होतं. पाणी भरायचं बाकी होतं. सोबत दुकानदाराने लिहून दिलेली यादी होती: दोन क्लाउनफिश, त्यांच्यासाठी एक फुलासारखा समुद्री प्राणी म्हणजे अ‍ॅनिमोन, एक निळा टँग, एक मँडरिन, एक निळा तारामासा, समुद्रघोड्यांची जोडी, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी), एक टॉर्च कोरल, वीस गोगलगायी आणि दहा हर्मिट खेकड्यांचा 'सफाई संच', आणि टाकी चालू करण्यासाठी तीन डॅम्सेल मासे.

या यादीतलं जवळजवळ सगळं बदललं. कशाच्या जोरावर बदललं ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण लहान टाकी घेणाऱ्या बहुतेक घरांत हीच यादी थोड्या फरकाने येते. माझं मत पहिल्या भेटीतच सांगितलं आणि ते आजही तसंच आहे: लहान रीफमध्ये पहिला मासा आणण्याआधी शेवटचा मासा ठरलेला हवा. प्रत्येक जीव आल्यावर टाकीतली एखादी जागा, एखादं बीळ, एखादा कोपरा त्याचा होतो, आणि ऐंशी लिटरमध्ये अशा जागा मोजक्याच असतात. एकेक करून आवडेल ते आणत गेलं, तर भांडखोर जीव आधी येऊन बसतो आणि भित्र्याला घर उरत नाही.

आधी कायदा

यादीतली दोन नावं आणि यादीबाहेरचं एक कायद्यानेच गाळलं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळे समुद्रघोडे, सगळ्या समुद्रकाकड्या, रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे घातले गेले. वाघ ज्या अनुसूचीत होता, त्याच अनुसूचीत तेव्हा हे गेले. टॉर्च कोरल हा कठीण प्रवाळ. त्याची लांब मांसल बोटं पाहून तो मऊ वाटतो, पण खाली चुन्याचा सांगाडा असतो. तो गेला. समुद्रघोडे गेले. तिसरं नाव यादीत नव्हतं, पण दुकानात बोलणं झालं होतं: टाकीत रचायला 'खरा रीफचा दगड'. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही याच संरक्षणाखाली येतो, म्हणून तोही नको. त्याऐवजी चिनी मातीसारखा भाजलेला, आतून सच्छिद्र असा कृत्रिम दगड घेतला. जिवाणूंना राहायला तो उत्तम चालतो; फक्त सुरुवातीला पांढराफटक दिसतो आणि रंग धरायला महिने घेतो.

वहिनी मालवणच्या. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घालून त्यांनी प्रवाळ पाहिले आहेत, आणि माणसं त्यांवर पाय देऊन उभी राहतात तेही पाहिलं आहे. त्यामुळे या भागावर घरात वाद झालाच नाही. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये नवशिक्यांना सर्रास सुचवलेले हॅमर, टॉर्च, डंकन हे सगळे कठीण प्रवाळ आहेत. तिथल्या याद्या आपल्याकडे जशाच्या तशा लागू होत नाहीत, हे इथल्या प्रत्येक नवख्याने पक्कं लक्षात ठेवावं.

मग पोट

कायद्यानंतर मी प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहिला: हा समुद्रात काय खातो आणि ते या टाकीत रोज मिळेल का?

मँडरिन हा कदाचित सगळ्यात सुंदर मासा. निळ्या-केशरी नक्षीचा, हळू चालणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. दिवसभर तो दगडांवरचे कोपेपॉड, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव, एकेक करून टिपत फिरतो. नव्या, कृत्रिम दगडाच्या टाकीत असे कोपेपॉड नसतातच. असले तरी ऐंशी लिटरमधला साठा तो काही आठवड्यांत संपवतो आणि मग हळूहळू वाळत जातो. तयार खाद्याची गोळी खाणारे, टाकीतच जन्मलेले मँडरिन जगात काही ठिकाणी मिळतात, पण आपल्याकडे दुकानातला मँडरिन समुद्रातून पकडलेला असण्याचीच शक्यता मोठी. मुलीला तो सगळ्यांत जास्त आवडला होता. तिला मी पोट खपाटीला गेलेल्या मँडरिनचं चित्र दाखवलं आणि बरगड्यांच्या खालचा खळगा कसा ओळखायचा ते समजावलं. त्यानंतर दुकानात गेली की ती प्रत्येक माशाचं आधी पोट पाहते. माझ्या मते मासे पाळणाऱ्याला याहून उपयोगी सवय नाही.

निळ्या तारामाशाचं तसंच. तो दगडावरच्या जैविक थरावर जगतो, नव्या टाकीत तो थर नसतो, आणि उपासमार दिसायला महिने लागतात. दुकानदाराला तो 'टिकाऊ' वाटतो तो यामुळेच: मरतो तो गिऱ्हाइकाच्या घरी, बऱ्याच दिवसांनी.

वीस गोगलगायी आणि दहा खेकड्यांच्या संचालाही हेच कारण लागू पडलं. नव्या टाकीत शेवाळच नाही, तर वीस तोंडांनी खायचं काय? मेलेली गोगलगाय वाळूत कुजली की ऐंशी लिटरमध्ये अमोनिया लगेच दिसतो. आम्ही तीन ट्रोकस आणि दोन नासारियस घेतल्या. ट्रोकस काचेवरचं आणि दगडावरचं शेवाळ खाते आणि उलटी पडली तर स्वतःहून सुलटी होते, जे दुसऱ्या एका जातीच्या गोगलगायीला, म्हणजे अ‍ॅस्ट्रियाला जमत नाही. नासारियस वाळूत दडून राहते आणि खाण्याचा वास आला की सोंड वर काढून बाहेर येते. हर्मिट खेकडे वगळले. रिकामा शंख मिळाला नाही तर ते गोगलगायीला मारून तिचा घेतात.

टँग आणि अ‍ॅनिमोन

निळा टँग दुकानात रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा असतो. पूर्ण वाढलेला तीस सेंटिमीटरपर्यंत जातो. टाकीची लांबीच साठ. हा मासा दिवसभर पोहणारा आहे, आणि जागा कमी पडली, ताण आला की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सगळ्यांत आधी त्यालाच होतो. "मोठा झाला की परत घेतो," असं दुकानात सांगितलं होतं. मी मित्राला म्हटलं, मोठा झालेला टँग पकडायला टाकीतला प्रत्येक दगड काढावा लागेल. तेव्हा बाकीच्यांचं काय होईल ते आत्ताच ठरव. तो विषय तिथे मिटला.

अ‍ॅनिमोनवर मात्र बराच वेळ गेला, कारण इथे मुलीची पक्की समजूत होती की अ‍ॅनिमोनशिवाय क्लाउनफिश दुःखी राहतो. समुद्रात त्याला अ‍ॅनिमोन लागतं ते शत्रूपासून लपायला. टाकीत शत्रू नाही. हॅचरीत, म्हणजे माशांची पैदास करणाऱ्या केंद्रात, जन्मलेल्या क्लाउनने तर अ‍ॅनिमोन कधी पाहिलेलंही नसतं, आणि त्याच्यावाचून तो दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. उलट अ‍ॅनिमोनलाच पुष्कळ काही लागतं: तीव्र प्रकाश, स्थिर क्षारता, मुरलेलं पाणी. जागा पटली नाही की ते चालायला लागतं, आणि चालता चालता वेव्हमेकरच्या तोंडाशी गेलं की कापलं जातं. एवढ्याशा पाण्यात मेलेलं अ‍ॅनिमोन एका रात्रीत सगळी टाकी घेऊन जाऊ शकतं. वर्षभर टाकी नीट चालली, मोजमापं हलली नाहीत, तर पुन्हा बोलू असं ठरलं.

डॅम्सेलचं थोडक्यात. टाकीत जिवाणू वाढवण्यासाठी अमोनिया लागतो हे खरं, पण त्यासाठी जिवंत माशाला अमोनियात ठेवायची गरज नाही. अमोनियम क्लोराइडचे थेंब घालून तेच काम होतं. शिवाय तीन ठिपक्यांचा डॅम्सेल वाढला की कमालीचा आक्रमक होतो, आणि आधी आलेला असल्याने सगळी टाकी आपली मानतो.

ठाण्याचा उन्हाळा

जीवांची निवड करताना हवामान हा मुद्दा याद्यांमध्ये येत नाही, आणि आपल्याकडे तो फार मोठा आहे. रीफ टाकीला २५ ते २७ अंश मानवतं. ठाण्यात मे महिन्यात बंद खोलीत पाणी ३१ पर्यंत सहज जातं. गरम खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशांची गरज वाढते. म्हणजे मासे जितके जास्त, तितका उन्हाळा अवघड. आणि वीज गेली की हे गणित आणखी बिघडतं.

पाण्यावर पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत हा उपाय छान चालतो. खाडीकाठच्या दमट हवेत त्याचा जोर कमी पडतो. शिवाय पंख्याने पाणी उडतं, मीठ मागे राहतं. या टाकीत उन्हाळ्यात दिवसाला दोन लिटर उडत होतं. ऐंशी लिटरमधून दोन लिटर गेलं की क्षारता (हजार भाग पाण्यात मिठाचे किती भाग) ३५ वरून जवळजवळ ३६ होते. तीन दिवस कोणी पाणी घातलं नाही तर ३८ च्या घरात. श्रिंप आणि गोगलगायींना हा चढउतार माशांपेक्षा जास्त जाचतो. म्हणून रोज सकाळी खुणेपर्यंत पाणी घालायचं, आणि ते मिठाशिवायचं, शून्य टीडीएसचं, म्हणजे काहीही क्षार न विरघळलेलं. हे काम मुलीने अंगावर घेतलं. पाणी थंड करणारा चिलर घ्यायचा की माशांची संख्या कमी ठेवायची, यावर मित्राने संख्या कमी ठेवायचं ठरवलं. मला ते पटलं. चिलर चांगला, पण चिलरच्या भरवशावर भरलेली टाकी वीज गेल्यावर पहिल्या तासात संकटात येते. बॅटरीवर चालणारा एअर पंप मात्र पहिल्याच दिवशी आणायला लावला.

या सगळ्यातून माशांची कमाल संख्या निघाली: चार, सगळे लहान जातीचे.

कोण कुठे राहणार

आता यादी नव्याने लिहायची होती. मी कागदावर टाकीचा आडवा छेद काढला आणि तीन मजले पाडले: वाळू, दगड आणि मोकळं पाणी. प्रत्येक मजल्याला एक रहिवासी.

वाळूसाठी पिवळा वॉचमन गोबी. दहा सेंटिमीटरच्या आत राहणारा, गोळी आणि गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) दोन्ही खाणारा, आणि फारसा न पोहणारा. वहिनींना तो ओळखीचा वाटला, कारण खाजणातल्या निवट्या याच गोतावळ्यातल्या. त्याच्या जोडीला पिस्टल श्रिंप. या दोघांची भागीदारी पाहण्यासारखी असते. श्रिंपला नीट दिसत नाही, पण तो दिवसभर बीळ खणतो, वाळू बाहेर आणून टाकतो. गोबीला नीट दिसतं, तो तोंडाशी पहारा देतो. श्रिंप बाहेर आला की त्याची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबीने शेपटी हलवली की दोघंही आत. यासाठी वाळू पाच-सहा सेंटिमीटर हवी, तिच्यात थोडी जाडी खडी हवी म्हणजे बिळाचं छत टिकतं, आणि सगळे दगड वाळूवर न ठेवता थेट काचेच्या तळावर टेकवलेले हवेत. नाहीतर श्रिंप खणत जातो आणि वरचा दगड कोसळतो. हा जीव ठरला म्हणून दगडांची रचना ठरली. शेवटची यादी आधी हवी असं मी म्हणतो ते अशा कारणांसाठी.

दगडाच्या फटीसाठी आणि वरच्या पाण्यासाठी एक फायरफिश. पांढरं अंग, मागे लालभडक होत गेलेलं, पाठीवर उंच तुरा. हा पाण्यात तरंगत राहतो आणि वाहून येणारं खाणं टिपतो. दोन असले तर अनेकदा भांडतात, म्हणून एकच. घाबरला की उडी मारतो. टाकीवर बारीक जाळीचं झाकण नसेल तर हा मासा घेऊच नये.

आणि दोन क्लाउनफिश, ओसेलॅरिस जातीचे. समुद्रातून पकडलेले नकोत, हॅचरीतलेच हवेत ही माझी अट होती. हॅचरीतला क्लाउन पहिल्या दिवसापासून गोळी खातो आणि प्रवासाचा ताण त्याला कमी होतो. समुद्रातले क्लाउन अनेकदा ब्रुकलिनेला नावाचा परजीवी घेऊन येतात, आणि तो काही दिवसांत मारतो. आपल्या देशात क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र आता चांगलं रुळलं आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम आणि मंडपम इथल्या केंद्रांनी क्लाउनफिशच्या प्रजननाची पद्धत बसवली, आणि ठाण्याच्या अगदी शेजारी ऐरोलीलाही समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी उभी राहिली. जोडी निवडताना एक थोडा मोठा आणि एक लहान असे घेतले. क्लाउनफिश सगळे नर म्हणून वाढतात. जोडीतला वरचढ मासा पुढे मादी होतो. दोघं लहान वयाचे असले तर हे आपोआप घडतं. दोन मोठे, आधीच मादी झालेले मासे एकत्र टाकले तर एक दुसऱ्याला मारेपर्यंत थांबत नाही.

क्लीनर श्रिंप मूळ यादीतून जसाच्या तसा टिकलेला क्लाउनशिवायचा एकमेव जीव. तो कणखर आहे, फक्त क्षारतेतला अचानक बदल त्याला सोसत नाही. पिशवीतल्या पाण्यात टाकीतलं पाणी थेंबाथेंबाने तासभर सोडून मग त्याला आत घेतलं.

प्रवाळांपैकी मश्रूम आणि लेदर. दोन्ही मऊ, खाली कठीण सांगाडा नाही, वर सांगितलेल्या अनुसूचीतल्या नोंदींत येत नाहीत. दोन्ही दुसऱ्या हौशी माणसाच्या टाकीत वाढलेल्याचे तुकडे. झोअँथिड हे प्रवाळांसारखे दिसणारे मऊ जीव स्वस्त, रंगीत आणि वाढायला सोपे. तरी मी ते सध्या नको म्हटलं. त्यांच्यातल्या काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआ या प्रकारात, पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. जखमेतून किंवा डोळ्यात गेलं तर ते गंभीर ठरू शकतं, आणि असा दगड घासायला किंवा उकळायला घेतला तर वाफेतून सगळं घर आजारी पडू शकतं. टाकीत रोज हात घालणारी व्यक्ती सातवीत आहे, तेव्हा थांबलेलं बरं. मोठी माणसं हातमोजे आणि चष्मा वापरून ते ठेवू शकतात. तो त्यांचा निर्णय.

क्रमावरून झालेला पेच

भित्रा आधी, दांडगा शेवटी, हा क्रम. म्हणजे गोगलगायी, मश्रूम, मग गोबी, मग फायरफिश आणि सर्वांत शेवटी क्लाउन. मुलीला मात्र क्लाउन आधी हवे होते; तिच्यासाठी टाकी म्हणजे क्लाउनच. "काका, मी सगळं पाणी घालणार, मोजणार, आणि माझे मासे शेवटी?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लहान मुलाला तीन-चार महिने दगडांकडे पाहत बसवलं तर त्याचा रस आटतो, आणि रस आटलेल्या घरात टाकी टिकत नाही.

उत्तर विलगीकरणात सापडलं. नवा मासा मोठ्या टाकीत घालण्याआधी वेगळा ठेवायचाच होता. पांढरे ठिपके, व्हेल्वेट हे रोग एकदा रीफ टाकीत शिरले की तिथे औषध करता येत नाही; माशांना बरं करणारं तांबं श्रिंपला, गोगलगायींना आणि प्रवाळांना मारतं. घरात जुनी, पन्नास लिटरची एंजलची टाकी पडून होती. ती कोमट पाण्याने घासून, वाळवून घेतली. तळ उघडा, पीव्हीसी पाइपचे तुकडे लपायला, आणि मोठ्या टाकीच्या फिल्टरमध्ये आधीपासून मुरत ठेवलेला स्पंज. मधोमध छिद्रांची प्लास्टिक जाळी बसवली. एका बाजूला क्लाउन, दुसऱ्या बाजूला गोबी आणि फायरफिश. पाणी सगळ्यांना एकच, त्यामुळे रोगाच्या दृष्टीने ती एकच तुकडी. पण भांडण नाही.

असं केल्याने क्लाउन पहिल्या दिवसापासून घरात आले. मुलगी त्यांना रोज दोनदा खाऊ घालू लागली आणि त्याच वेळी मोठ्या टाकीत क्रम पाळला गेला. मला या प्रकरणातला सगळ्यांत उपयोगी भाग हाच वाटतो. विलगीकरणाची टाकी लोक टाळतात, कारण ती रिकाम्या वाट पाहण्याची जागा वाटते. इथे तीच मुलीची टाकी झाली.

पुढे काय झालं

मोठ्या टाकीची सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढण्याचा टप्पा, पाचव्या आठवड्यात पुरी झाली: अमोनियाचे थेंब घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. नायट्रेट वर आला होता. मोठा पाणीबदल करून तो उतरवला. मग गोगलगायी, पिस्टल श्रिंप, क्लीनर श्रिंप आणि मश्रूमचा पहिला दगड आत गेला. लगेचच काच, वाळू, दगड सगळं तपकिरी झालं. डायटम, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शेवाळ. मित्राने घाबरून रात्री फोन केला. नव्या टाकीत हे बहुतेक वेळा येतं आणि आपोआप जातं, म्हणून काहीही न घालता वाट पाहायला सांगितलं. ट्रोकसना मात्र पोटभर मिळालं.

विलगीकरणातल्या चौघांपैकी कोणालाही रोग निघाला नाही. सहा आठवड्यांनी गोबी आणि फायरफिश मोठ्या टाकीत गेले. गोबीला पाइपसकट श्रिंपच्या बिळाजवळ ठेवलं. दोन दिवसांनी दोघं एकाच तोंडाशी दिसले. फायरफिशने उजवीकडच्या दगडातली फट धरली. तीन आठवड्यांनी क्लाउन आले, त्याच सुमारास लेदरचा तुकडा आणून मधल्या दगडावर बसवला.

अडचण इथून सुरू झाली. मोठ्या क्लाउनने लेदरलाच अ‍ॅनिमोन मानलं आणि त्यात अंग घासायला लागला. काही दिवसांत लेदर मिटलं, आक्रसलं, वर मेणासारखा चकचकीत थर आला. घरात दोन मतं झाली. मित्र म्हणाला क्लाउनने त्याला मारलं, वहिनींच्या मते पाण्यात काही बिघडलं. मोजमापं घेतली: क्षारता ३५, अल्कलिनिटी (पाण्याची आम्लता रोखण्याची ताकद) ८ च्या आसपास, अमोनिया शून्य, नायट्रेट १०. पाणी ठीक. लेदर प्रवाळ अधूनमधून असा मिटतोच. वरचा थर टाकून देतो आणि त्याबरोबर त्यावर साठलेलं शेवाळ आणि कचराही. कधी हे काही दिवस चालतं, कधी दोन आठवड्यांहून जास्त. पण क्लाउनच्या घासण्याने उघडायला वेळ लागतो हेही खरं, म्हणजे मित्राचंही अर्धं बरोबर होतं. आम्ही वेव्हमेकरची दिशा थोडी बदलली म्हणजे थर निघून जायला प्रवाह मिळेल, फिल्टरमध्ये ताजा कार्बन घातला, कारण लेदर पाण्यात सोडतो ती रसायनं कार्बन धरून ठेवतो, आणि लेदरला हात लावला नाही. थर सुटला, बोटं पुन्हा बाहेर आली. क्लाउन आता त्यातच झोपतात. लेदर मोठं होत गेल्याने त्याला त्यांचं घासणं झेपतं.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची होती. क्लाउनने मधला दगड धरल्यावर फायरफिश खायला बाहेर येईना. खाणं टाकीच्या मध्यावर पडत होतं, आणि मध्यावर मोठ्या क्लाउनचा पहारा. फायरफिशला इजा झाली नव्हती, पर फाटले नव्हते, पण पोट आत जाऊ लागलं होतं. हे मुलीने ओळखलं, आम्ही कोणी नाही. उपाय साधा निघाला. गोळ्या डाव्या कोपऱ्यात टाकायच्या, क्लाउन तिकडे गेले की लांब पिपेटने मायसिस उजवीकडच्या फटीसमोर सोडायचं. शिवाय उजवीकडे दगडाचा आणखी एक तुकडा लावून दुसरं बीळ केलं. आठवड्याभरात तो पुन्हा तरंगायला लागला. क्लाउन आधी आले असते तर त्याला ती फट मिळाली असती की नाही, शंकाच आहे.

पहिल्या मे महिन्यात पाणी पंख्यासकट २९ वर गेलं. मासे ठीक राहिले. मश्रूमपैकी एक दगडावरून सुटून वाहत गेलं आणि मागच्या सावलीत जाऊन चिकटलं. त्याला तिथेच राहू दिलं, कारण मश्रूमला कमी उजेड चालतो. एक नासारियस मेली. वाळूवर तिचा वास येण्याआधी वहिनींनी ती काढली. रात्री वीज दोन तास गेली तेव्हा बॅटरीचा पंप चालू होता आणि चारच मासे होते, त्यामुळे कोणी पृष्ठभागावर येऊन श्वास घेताना दिसलं नाही.

दिवाळीच्या सुमारास पाचव्या माशाचा विषय निघाला. बंगाई कार्डिनल. शांत, आठ सेंटिमीटरच्या आत राहणारा, नर तोंडात अंडी सांभाळतो, आणि टाकीत सहज प्रजनन होतं. समुद्रातली त्याची मूळ वस्ती इंडोनेशियातल्या एका लहानशा द्वीपसमूहापुरती आहे आणि मुख्यतः हौसेसाठी होणाऱ्या पकडीने ती धोक्यात आली. स्वभावाने तो या टाकीला चालेल. फिल्टरलाही तो पेलेल. तरी आम्ही दोन अटी घातल्या आहेत: तो टाकीत जन्मलेला असला पाहिजे आणि तशी विक्रेत्याची पावती मिळाली पाहिजे, आणि पुढच्या उन्हाळ्यात चार माशांवर पाणी २८ च्या खाली ठेवता आलं पाहिजे. मित्र आता टाकीच्या वरचा दिवा दुपारी बंद आणि संध्याकाळी चालू ठेवतो, कारण दिव्याची उष्णता दुपारच्या उन्हात भर घालत होती. लेदर वाढून मधल्या दगडाच्या बाहेर झुकलं आहे, त्याची सावली मश्रूमवर पडते. त्याला छाटायचं ठरलं आहे, आणि तुकडा त्याच इमारतीत नवी टाकी लावणाऱ्या एका शेजाऱ्याला द्यायचा आहे. त्याची यादी आधी पाहून मगच.